जलपर्णीचा कांडी कोळसा

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिच्या जांभळ्या फुलांना भुलून माणसानेच ती जगभर नेली. पुण्याजवळच्या पवना आणि इंद्रायणीत उन्हाळ्याच्या तोंडावर ती इतकी माजते, की पाणी दिसेनासे होते. सांडपाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरसवर ती पोसते. हवामान मानवले तर एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. काढलेले ढीग काठावर कुजू देण्यापेक्षा त्यांचे सरपण करणे केव्हाही चांगले.

खरी अडचण पाण्याची आहे. ताज्या जलपर्णीत 90 टक्क्यांहून अधिक पाणी असते. एक टन काढली तरी वाळून 50 ते 100 किलोच उरते. ओला माल ट्रकने नेण्यात काहीच अर्थ नाही. तो नदीकाठीच वाळवावा लागतो. देठ आतून हवेच्या पोकळ्यांनी भरलेला असतो, म्हणून आधी चिरणे आले. वाळलेला देठ वाकत नाही, कट्‌कन मोडतो.

असा माल लोखंडी पिंपाच्या भट्टीत पेटवून हवा तोडतात. सुरुवातीला दाट पांढरा धूर येतो. तो विरळ झाला की झाकण घालून फटी मातीने लिंपतात. भट्टी पूर्ण थंड होण्याआधी उघडली, तर कोळसा पेट घेतो. वाळलेल्या मालाच्या साधारण एक तृतीयांश कोळसा मिळतो. त्याची भुकटी खळीत मळून यंत्राने कांड्या पाडतात. उसाच्या पाचटापासून असा कोळसा करण्याचे तंत्र पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने विकसित केले. 2002 मध्ये त्याला ॲशडेन पुरस्कार मिळाला.

पाचटापेक्षा जलपर्णीत राख बरीच जास्त असते. कोळसा होताना बाकीचे बरेचसे उडून जाते, राख मागे राहते. त्यामुळे या कांड्यांची आच बाभळीच्या कोळशापेक्षा कमी असते. राख वाढवणारा गाळ धरून ठेवतात ती मुळे. शिसे, कॅडमियम यांसारखे धातूही मुख्यतः तिथेच साठतात. म्हणून मुळे छाटून फक्त पाने-देठ घेणे हा सर्वांत स्वस्त आणि गुणकारी उपाय आहे. भुकटीत पाचटाचा कोळसा मिसळला, तर आच आणखी सुधारते.

काढणी फुले येण्याआधी व्हावी, कारण बी गाळात अनेक वर्षे जिवंत राहते. सांडपाणी थांबले नाही, तर कितीही कांड्या पाडल्या तरी नदी पुन्हा भरणारच. चुलीपाशी हवा खेळती हवी. कोळशाच्या जळण्यातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. कारखान्यांचे पाणी मिसळणाऱ्या नदीतल्या जलपर्णीची राख तपासल्याशिवाय शेतात टाकू नये.