द्रुतगती मार्ग बांधला कोणी, टोल कोणाचा?

खोपोलीच्या शिळफाट्यावर टोलचा विषय निघाला की हमखास ऐकू येते, 'रस्ता कंपनीने बांधला, म्हणून कंपनी वसूल करते.' हा गैरसमज मुळातूनच काढायला हवा. 1990च्या दशकात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खासगीकरणातून बांधायचे ठरले होते. रिलायन्सची सुमारे 3,600 कोटींची निविदा सर्वांत कमी होती, तरी राज्य सरकारने ती नाकारली. 1996 मध्ये रस्ते विकास महामंडळ स्थापन झाले. महामंडळाने कर्जरोख्यांतून पैसा उभा केला आणि काम तुकड्यातुकड्यांनी कंत्राटदारांना वाटून सुमारे 1,630 कोटींत रस्ता केला. भूसंपादन, बोगदे, कर्ज, सगळी जोखीम सरकारी महामंडळाची. खासगी भागीदार आला तो 2004 मध्ये, रस्ता तयार झाल्यावर. आयआरबी समूहाच्या कंपनीने 918 कोटी रुपये आगाऊ भरून 15 वर्षांची टोलवसुली घेतली. द्रुतगती मार्गाबरोबर जुन्या महामार्गाची देखभालही तिच्याकडे आली.

खासगी पैसा आला की प्रकल्प यशस्वी होतो, हा दुसरा गैरसमज. माझ्या मते यश ठरते ते कोणती जोखीम कोणाच्या गळ्यात पडली यावर. जमीन मिळवणे सरकारलाच जमते. रस्ता सुस्थितीत ठेवणे आणि वसुली हे कंपनीला जमते. इथे वाटणी साधारण अशीच झाली. मुंबईच्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोत मात्र बांधणीपासूनच भागीदारी होती. मंजूर खर्च 2,356 कोटी. मेट्रो कंपनीने पुढे 4,321 कोटींचा दावा केला आणि भाड्याचा वाद न्यायालयात गेला. वाढीव खर्च कोणी सोसायचा, याचे सरकार आणि कंपनी दोघांना मान्य होईल असे उत्तर मिळाले नाही. प्रवासी मात्र त्या मेट्रोला भरपूर मिळाले. म्हणजे गर्दी असली की भागीदारी टिकतेच, असेही नाही.

द्रुतगती मार्गाच्या टोलवर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: खर्च कधीच वसूल झाला, मग टोल कशाला? करारापुरते उत्तर असे की, वाहने कमी आली असती तर तोटा कंपनीचा होता, म्हणून जास्त आली तेव्हा नफाही तिचाच. दरवाढही आधीच ठरलेली, दर तीन वर्षांनी सुमारे 18 टक्के. एप्रिल 2023 मध्ये मोटारीचा टोल 270 वरून 320 झाला तो त्यामुळेच. पण अंदाजापेक्षा वाहतूक किती वाढली तर जादा उत्पन्नात सरकारचा वाटा किती, हे कलम 2004च्या करारात ठळकपणे असायला हवे होते. 2020 मध्ये सुमारे दहा वर्षांच्या वसुलीसाठी 8,262 कोटींची बोली आली. महागाई धरली तरी 918 कोटींशी तिची तुलना बोलकी आहे. वाहनांची आकडेवारी हाती असली की सरकारला किंमत मिळते.

आडोशी ते खंडाळा या घाटात जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग एकत्र येतात. दहा पदरांची वाहने सहा पदरांत घुसतात आणि कोंडी होते. ती टाळण्यासाठी खोपोली ते कुसगाव हा 13.3 किलोमीटरचा 'मिसिंग लिंक' महामंडळाने पुन्हा स्वतःच हाती घेतला. त्यातला एक बोगदा जवळपास 9 किलोमीटरचा. डोंगर फोडण्याची अनिश्चितता टोलवाल्यावर टाकली असती, तर तिची किंमत टोलमध्येच चढली असती. 2020च्या बोलीतून झालेला टोलवसुलीचा चालू करार 2030 मध्ये संपतो. पुढची निविदा निघण्याआधी दोन्ही रस्त्यांवरची रोजची वाहनसंख्या आणि वसुली संकेतस्थळावर यायला हवी, आणि जादा उत्पन्नाच्या वाट्याचे कलम त्या निविदेतच छापलेले हवे.