शिलाहारांचा शेवटचा राजा समुद्रात का हरला?

मुंबईच्या परळमध्ये सापडलेला इ. स. ११८७ चा शिलालेख शिलाहार राजा दुसरा अपरादित्य याचा आहे. म्हणजे कापडगिरण्यांच्या कितीतरी आधी मुंबईच्या बेटांवर उत्तर कोकणच्या शिलाहारांचं राज्य होतं. राजधानी ठाणे. वाळकेश्वरचा बाणगंगा तलावही त्यांच्याच काळातला मानला जातो. मग हे घराणं संपलं कसं?

साधारण १२६५ च्या सुमारास देवगिरीचा यादव राजा महादेव कोकणावर चालून आला. समोर होता शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर. यादवांची ताकद हत्तीदळात होती, जमिनीवर त्यांच्यापुढे निभाव लागणं कठीण. म्हणून सोमेश्वर जहाजांवर चढला. कोकणच्या राजाला समुद्राचाच भरवसा! पण यादवांनी तिथेही पाठ सोडली नाही. आरमारी लढाईत सोमेश्वर बुडून मरण पावला. महादेवाचा मंत्री हेमाद्री याच्या ग्रंथातल्या प्रशस्तीत वर्णन आहे, की महादेवाच्या क्रोधापेक्षा सोमेश्वराला समुद्रातला वडवानल (समुद्राच्या पोटातला अग्नी) बरा वाटला.

माझ्या मते पराभवाचं खरं कारण हेच: जमीन गेली की बंदरं जातात, आणि बंदरांशिवाय आरमार फार काळ टिकत नाही.

बोरिवलीच्या एक्सर गावातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, नक्की बघा. दगडावर वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं कोरली आहेत, हत्तींची झुंजही आहे. काही अभ्यासक ते याच लढाईशी जोडतात, काही आणखी जुने मानतात. दादरहून लोकलने सहज जाता येतं. मुलांना घेऊन जा, आणि कुणालाही दगडांना शेंदूर किंवा रंग लावू देऊ नका.

#शिलाहार #वीरगळ #मुंबईचाइतिहास