लगाम घ्यावा घोड्याचं तोंड पाहून

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून हौसेने घोडा आणणारे शेतकरी आपल्यातही आहेत. घोडा पारखून घेतात, लगाम मात्र दुकानात लटकलेला दिसेल तो उचलतात. मग घोडा आवरेना, की आणखी कडक लगाम शोधायचा. इथंच चुकतं.

घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मधे मोकळी जागा असते. लगामाची लोखंडी दांडी तिथं जिभेवर व हिरडीवर बसते. हिरडी नाजूक, म्हणून बारीक दांडी ओढली की रुतते. गुळगुळीत, बेताची जाड दांडी सौम्य. तोंड लहान असेल तर फार जाडही नको.

सुतळी तोंडातून घालून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांशी खूण करा. दांडी दोन्हीकडे साधारण पाव इंच बाहेर राहावी. नवशिक्याने गोल कड्यांचा साधा लगाम घ्यावा. लांब दांड्यांचा, हनुवटीखाली साखळी असलेला लगाम तरफेसारखा जोर लावतो. तो हलक्या हाताच्या जाणकारानेच वापरावा.

घोडा मान झटकतो, तोंड वासतो, तर आधी पशुवैद्यांकडून दात तपासून घ्या. दाढांना धार आली असेल तर ती घासावी लागते.

काटेरी लगाम तर नकोच. ओढकामाच्या व भारवाहू जनावरांबाबतच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनी तो बंद आहे. ऊसगाडीच्या बैलाला टोचायची पराणीची आरही त्याच नियमात येते. शिवाय जखमांनी हिरडी निबर झाली, की घोडा कुठलाच लगाम मानत नाही.