कॅमेऱ्याचा मोह आणि लेन्सचा हिशेब

वन्यजीवांच्या छायाचित्रणाचा छंद नव्याने जडलेला मनुष्य शिलकीतील रक्कम घेऊन दुकानाची पायरी चढतो, तेव्हा त्याची पहिली पृच्छा बहुधा 'किती मेगापिक्सेल?' अशी असते, आणि त्या एका प्रश्नापायी सारा खर्च भलत्याच खात्यावर पडतो. वस्तुतः नवशिक्यांच्या साध्या कॅमेऱ्यातही आज २४ मेगापिक्सेल असतात. आणि ए-फोर आकाराच्या कागदावर इंचाला ३०० बिंदू इतकी स्वच्छ छपाई करावयाची झाली, तरी सुमारे नऊ पुरतात. म्हणून बिंदूंसाठी मोजावयाची जादा रक्कम लेन्सकडे वळवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ची लेन्स देवळाच्या कळसाला नि कुटुंबाच्या चित्राला उत्तम, परंतु भिगवणच्या पाण्यात दूर उभा असलेला रोहित तिच्यात केवळ एक गुलाबी ठिपका होऊन राहतो. पक्ष्यांसाठी निदान ३०० मिलिमीटरची तजवीज हवी.

येथे 'फुल फ्रेम' कॅमेऱ्यावाचून वन्यजीवांचे छायाचित्रण अशक्य, असा दुसरा समज आडवा येतो. एपीएस-सी ह्या लहान सेन्सरवर ३०० मिलिमीटरची लेन्स ४५० मिलिमीटरची होते, असे विक्रेते सांगतात, तेही अक्षरशः खरे नव्हे. लेन्स तीच राहते, सेन्सर तिच्या प्रतिमेचा फक्त मधला भाग उचलतो. परंतु त्या मधल्या भागावरच सगळे २४ मेगापिक्सेल खर्ची पडत असल्यामुळे दूरच्या पक्ष्याच्या वाट्याला अधिक बिंदू येतात, आणि मर्यादित ऐपतीच्या माणसाला हा लाभ फार मोलाचा आहे.

लेन्स न बदलता येणाऱ्या महाझूम कॅमेऱ्यांची मी अवहेलना करणार नाही. २०१५ साली आलेल्या निकॉन पी९००ने २००० मिलिमीटरइतका पल्ला सामान्य माणसाच्या हाती दिला. मात्र त्याच्या सेन्सरचे क्षेत्रफळ एपीएस-सीच्या सुमारे तेराव्या हिश्श्याइतकेच असल्याने भर उन्हात समाधान देणारे हे यंत्र ताडोबाच्या पहाटेच्या अंधूक प्रकाशात दाणेदार चित्र देते.

सर्वांत अधिक निराशा पदरी येते ती कंपनरोधक व्यवस्थेवर भिस्त ठेवल्याने. ती आपल्या हाताचा कंप आवरते. उडत्या पक्ष्याच्या पंखांवर तिचा अंमल चालत नाही. तेथे शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतके किंवा त्याहूनही जलद ठेवावे लागते, आणि त्यासाठी आयएसओ वाढवण्यास जरूर धजावे. चित्रातील दाणे पुढे कमी करता येतात, गतीने पुसट झालेला डोळा मात्र पुन्हा रेखीव होत नाही. एफ/२.८ची लेन्स एफ/५.६हून चौपट प्रकाश आत घेते, हे खरे. पण लांब पल्ल्यात तिची किंमत लाखांच्या घरात जाते, आणि नवशिक्याने तिच्यासाठी कर्ज काढू नये. जिप्सीच्या कठड्यावर डाळ भरलेली पिशवी ठेवून तिच्यावर साधी ७०-३०० टेकवली, तर बसलेल्या वाघाचे चित्र पुष्कळ कमी वेगातही स्थिर येते.

मे महिन्याच्या दुपारी तळ्यापलीकडचा गवा मात्र कोणत्याही लेन्सने नीट टिपला जात नाही, कारण तापलेल्या भूमीवरून उठणारी हवेची थरथर चित्रात उतरतेच. तेव्हा गाडी पुढे घेण्याचा हट्ट चालकापाशी धरू नये. उन्हे कलेपर्यंत थांबावे, तहानलेले जनावर आपण होऊन अलीकडच्या काठाला येण्याचा संभव असतो.