गवताचा गोंगाट

आमच्या चामोर्शीत पूर्वी अंगणातले गवत विळ्याने कापले जाई. त्याचा सुगावा फार तर शेजारच्या गाईला लागे. आता पेट्रोलवर चालणारे यंत्र खांद्याला अडकवून माणूस येतो, आणि वीस हात हिरवळीसाठी भल्या पहाटे अख्खी आळी जागी होते.

कायदा नाही असे नाही. सन 2000 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. पण कायद्याचा दिवस सकाळी 6 लाच उजाडतो! शिवाय डेसिबलचे गणित त्रैराशिकात बसत नाही. आकडा 10 ने वाढला, की ध्वनीची तीव्रता दसपट. या यंत्राजवळ तो बहुधा 90 ओलांडतो.

तक्रारअर्ज लिहिण्याऐवजी मी शेजारी गेलो. “सर, माणूस मिळतो कुठे?” काका म्हणाले. खरेच होते; दिवाळीच्या सुमारास सारे हात धानाच्या कापणीत. अखेर ठरले, यंत्र नऊनंतर चालावे आणि सगळ्यांची अंगणे एकाच दिवशी उरकावीत.

हे यंत्रवाल्याला सांगायला गेलो, तर प्रत्येक वाक्यावर त्याचे “काय म्हणता?” यंत्र बंद होते, बरे का! आम्हांला तासाभराचा त्रास, त्याला दिवसभराचा. आणि कान उघडे. तिघा घरांनी वर्गणी काढून त्याला कानांवर घालायचे झाकण आणून दिले. पहिले दोन दिवस त्याने ते गळ्यातच मिरवले. आता कानांवर घालतो. मजुरी ठरवताना मात्र आठवणीने काढतो.