अक्षर बदलतं ते उच्चारासाठी

स्पॅनिश शिकणारे वर्तमानकाळातल्या सबजंक्टिव्हपाशी हमखास अडखळतात. क्रियापद नियमित असूनही मधलंच अक्षर बदललेलं दिसतं आणि पाठांतराला आणखी एक यादी आली असं वाटतं. यादीची गरज नाही. बहुतेक बदल उच्चार जपण्यासाठीच होतात.

आधी रूप कसं बनतं ते पाहू. आपण ‘त्याने बोलावं’ म्हणतो, तशी इच्छा किंवा अपेक्षा सांगायला हे रूप लागतं. ‘मी’चं वर्तमानकाळी रूप घ्यायचं, शेवटचा ‘ओ’ काढायचा आणि स्वर उलटा लावायचा: ‘आर’ने संपणाऱ्या क्रियापदाला ‘ए’, ‘एर’ आणि ‘इर’वाल्यांना ‘आ’. आब्लार म्हणजे बोलणे: आब्लो, आब्ले. कोमेर म्हणजे खाणे: कोमो, कोमा.

आता बुस्कार, म्हणजे शोधणे. त्यातला ‘क’ सी या अक्षराने लिहितात. पण सीचा उच्चार आ, ओ, ऊ यांच्याआधी ‘क’ होतो. ए, ई यांच्याआधी लॅटिन अमेरिकेत ‘स’ आणि स्पेनच्या बहुतेक भागात ‘थ’सारखा. नुसता ‘ए’ लावला तर ‘क’ हरवेल. म्हणून सीच्या जागी क्यू-यू येतात आणि ‘बुस्के’ शाबूत राहतं. सहाही रूपांत हेच.

येगार, म्हणजे पोहोचणे. ‘ए’आधी जी हे अक्षर ‘ख’कडे झुकतं, म्हणून मध्ये मुका यू घालतात: येगे. आबेरिग्वार, म्हणजे छडा लावणे, यात यू बोलका आहे. तो मुका होऊ नये म्हणून ‘आबेरिग्वे’ लिहिताना त्याच्या डोक्यावर दोन टिंबं देतात.

‘एर’, ‘इर’मध्ये गाडी उलट चालते. प्रोतेखेर, म्हणजे रक्षण करणे, यातला ‘ख’ जीचा. ‘आ’आधी तो टिकवायला जे हे अक्षर लागतं: प्रोतेखा. सेगिर, म्हणजे मागोमाग जाणे, यातला मुका यू ‘सिगा’मध्ये गळतो, कारण ‘आ’आधी त्याचं काम उरत नाही.

क्रुसार, म्हणजे ओलांडणे, याचं ‘क्रुसे’ होताना झेड जाऊन सी येतो. इथे उच्चार बिघडला नसता. ‘ए’, ‘ई’आधी झेड सहसा लिहायचा नाही, हा स्पॅनिशचा लेखनसंकेत आहे.

मराठीत याच्या उलट घडतं. ‘त्याचा’ आणि ‘त्याची’ मोठ्याने म्हणून पाहा: अक्षर एकच, ‘च’चा उच्चार मात्र बदलतो. स्पॅनिश उच्चार धरून ठेवते आणि अक्षराला बदलायला लावते. म्हणून रूप आधी मोठ्याने म्हणा, मग लिहा. कोणतं अक्षर हवं, ते बहुतेक वेळा कानच सांगेल.