शून्याचं घर

गोव्यात मांडवी नदीतल्या एका कॅसिनोच्या बोटीवर रात्री साडेअकराच्या सुमारास टेबलाशेजारच्या पाटीवर सहा आकडे ओळीने काळे लागले होते. माझ्या पुढ्यात सांगलीकडचे दोघे उभे. ‘‘भावा, सहा काळं झालं. आता लाल येतंय बघ,’’ एक म्हणाला. दुसऱ्याने काही न बोलता चिप्सची चवड लाल चौकोनावर सरकवली. गोळी सुटली, कडेकडेने घरंगळली, दोनदा उडाली आणि पडली हिरव्या घरात. शून्य. डीलरने लालवरच्या, काळ्यावरच्या, समवरच्या, विषमवरच्या सगळ्या चिप्स ओढून घेतल्या. ‘‘हे काय आता मधेच?’’ सांगलीकर वैतागला.

त्या ‘मधेच’वरच रुलेटचा अख्खा संसार चालतो.

यंत्र म्हणून रुलेट फार देखणं आहे. मोठ्या परातीएवढा लाकडी वाडगा, त्याच्या आत जवळजवळ घर्षणाशिवाय फिरणारं चाक आणि चाकाच्या कडेला आकड्यांची घरं. चाक एका दिशेने फिरवायचं आणि गोळी वरच्या पन्हळीतून उलट दिशेने सोडायची. पूर्वी ती हस्तिदंताची असे, आता प्लॅस्टिकची असते. वेग ओसरला की गोळी उतारावर येते. तिथे शंकरपाळ्याच्या आकाराचे धातूचे अडसर बसवलेले असतात. त्यांवर आपटून ती कुठेही भरकटावी एवढंच त्यांचं काम. शेवटी दोन पट्ट्यांमधल्या एका घरात ती विसावते. युरोपीय चाकावर अशी घरं 37: 1 ते 36 आकडे, निम्मे लाल आणि निम्मे काळे, शिवाय एक हिरवं शून्य. आकडे ओळीने नसतात. टेबलावर 1 चे शेजारी 2 आणि 4, तर चाकावर त्याच 1 च्या एका बाजूला 33 आणि दुसऱ्या बाजूला 20. 1 ते 36 ची बेरीज 666 भरते, म्हणून याला सैतानाचं चाक म्हणण्याची युरोपात जुनी हौस आहे. सैतानाची गरज नाही; तिसरीतला भागाकार पुरतो.

तो असा. एका आकड्यावर चिप ठेवली आणि तो लागला, तर 35 पट मिळतात. दोन आकड्यांमधल्या रेषेवर ठेवली तर 17 पट, तीनच्या ओळीला 11, चार घरांच्या चौकात 8, सहांना 5. डझन किंवा अख्खा उभा रकाना घेतला तर दुप्पट. लाल-काळा, सम-विषम, लहान-मोठे यांना एकास एक. हे सगळे दर एकाच सूत्रातून निघतात: 36 ला तुम्ही अडवलेल्या आकड्यांनी भागा आणि एक वजा करा. हिशेब चोख आहे, फक्त तो 36 घरांच्या चाकाचा आहे. चाकावर घरं 37. प्रत्येक घरावर शंभर-शंभर रुपये लावून पाहा. 3,700 गेले, कोणताही आकडा लागो, हातात आले 3,600. शंभराला 2 रुपये 70 पैसे, हा मालकाचा वाटा. पैसे लालवर लावा, चौकात लावा किंवा मुलाच्या जन्मतारखेवर लावा, वाटा तेवढाच. चिप कुठे ठेवावी यावर टेबलाभोवती जी गंभीर चर्चा चालते, तिचा उपयोग फक्त पैसे किती वेळात जातील हे ठरवण्यापुरता.

या शून्याचा इतिहास मला चाकापेक्षा गमतीदार वाटतो. फ्रेंचमध्ये रुलेट म्हणजे छोटं चाक. पॅरिसच्या पाले-रॉयालमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ आजच्याशी मिळत्याजुळत्या रूपात चालू होता आणि तेव्हा त्यावर शून्यं दोन होती. 1837 च्या अखेरीस फ्रान्समधले जुगाराचे अड्डे कायद्याने बंद झाले. फ्रान्स्वा आणि लुई ब्लाँ हे बंधू जर्मनीतल्या बाड होम्बुर्गला गेले आणि 1843 मध्ये त्यांनी एकच शून्य असलेलं चाक मांडलं. नफा निम्म्यावर आणायचा आणि गिऱ्हाईक इतरांकडून ओढून घ्यायचं, ही कुठल्याही किराणा दुकानदाराला कळेल अशी युक्ती. ती इतकी फळली की 1863 मध्ये मोनॅकोच्या राजाने माँटे कार्लोचा कॅसिनो फ्रान्स्वाच्या हाती दिला. संस्थान कफल्लक होतं. 1869 मध्ये त्याच राजाने प्रजेचा प्राप्तिकर माफ केला. एका घराची ही कमाई.

अमेरिकेने मात्र दुसरं शून्य सोडलं नाही. एकेकाळी तिथे 28 आकडे, 0, 00 आणि वर गरुडाचं चित्र असलेलं तिसरं मालकाचं घर अशी चाकं होती. आजच्या अमेरिकी चाकावर 38 घरं असतात, पैसे मात्र त्याच जुन्या दराने मिळतात. म्हणजे मालकाचा वाटा शंभराला 5 रुपये 26 पैसे. तिथे 0, 00, 1, 2, 3 अशा पाच आकड्यांवर एकत्र चिप ठेवता येते. पण 36 ला पाचाने पुरता भाग जात नाही. उरलेले अपूर्णांक मालक आपल्याकडे ठेवतो आणि सहा पट देतो. तिथे वाटा 7.89 टक्क्यांवर जातो. टेबलावरची ही सगळ्यात वाईट जागा. आता लास व्हेगासमध्ये तीन शून्यांची चाकंही आली आहेत: 39 घरं, 7.69 टक्के. दर्शनी झगमगाट तोच, म्हणून कोणी मोजत नाही.

फ्रेंच टेबलाची रीत त्यातल्या त्यात सभ्य. लाल-काळ्यासारख्या डावात शून्य आलं तर ‘ला पार्ताज’च्या नियमाने निम्मी रक्कम परत मिळते. किंवा ‘आँ प्रिझाँ’ म्हणून तुमची चिप पुढच्या फेरीपर्यंत कैदेत राहते. डाव लागला तर सुटते, नाहीतर गेली. त्याने वाटा 1.35 टक्क्यांवर येतो. फ्रेंचांनी चाकाचेही तीन मुलूख पाडले आहेत. शून्याच्या शेजारचे 17 आकडे, समोरच्या बाजूचे 12, आणि या दोन्हींत न बसणारे 8, ज्यांना ते ‘ऑर्फलँ’, म्हणजे अनाथ म्हणतात. तोंडी सांगितलं की क्रूपिए, म्हणजे डीलर, चटचट चिप्स मांडून देतो. ऐकायला राजेशाही वाटतं, वाटा बदलत नाही.

सांगलीकराचा तर्क मात्र जगभर पसरलेला आहे. 18 ऑगस्ट 1913 ला माँटे कार्लोत एका टेबलावर काळा ओळीने 26 वेळा आला. पंधराव्या खेपेनंतर लोक लालवर तुटून पडले, रकमा दुप्पट करत गेले आणि साफ झाले. ठरवलेल्या 26 फेऱ्यांत असं होण्याची शक्यता तेरा-चौदा कोटींत एक. पण पंचवीस काळे होऊन गेल्यावर सव्विसावा काळा येण्याची शक्यता नेहमीचीच, 37 पैकी 18. गोळीला पाटी वाचता येत नाही. कॅसिनोवाले ती पाटी लावतात ती गिऱ्हाइकासाठी.

दुप्पट करत जाण्याच्या पद्धतीला मार्टिंगेल म्हणतात. पाचशेपासून सुरुवात करून आठ वेळा हरलात तर खिशातून 1,27,500 रुपये गेलेले असतात आणि नवव्या डावाला 64,000 च्या दुप्पट लागतात, तेही फक्त पाचशे मिळवण्यासाठी. त्याआधीच टेबलाची कमाल मर्यादा आडवी येते. ठरावीक आठ डाव सगळेच हरण्याची शक्यता साधारण दोनशे सातांत एक, म्हणजे रात्रभर बसणाऱ्याला काही दुर्मीळ नाही.

रुलेटला खरोखर हरवलं ते गणित सोडून सुतारकामाकडे पाहणाऱ्यांनी. यॉर्कशायरच्या कापड धंद्यातला जोसेफ जॅगर 1880 च्या आसपास माँटे कार्लोत गेला. जो माणूस गिरणीच्या चात्यांशी वाढला, त्याला कुठलंही चाक अगदी समतोल नसतं हे सांगावं लागत नाही. त्याने माणसं लावून आकडे उतरवून घेतले, एका चाकाची खोड ओळखली आणि पैसे उचलले. शतकभराने गोन्सालो गार्सिया-पेलायो याने माद्रिदमध्ये तेच संगणकाच्या मदतीने केलं. कॅसिनो कोर्टात गेला; 2004 मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल पेलायोच्या बाजूने दिला. 1961 मध्ये एडवर्ड थॉर्प आणि माहिती-सिद्धान्ताचा जनक क्लॉड शॅनन लास व्हेगासला गेले ते सिगारेटच्या पाकिटाएवढा संगणक अंगावर लपवून. बुटातली कळ अंगठ्याने दाबून चाकाचा नि गोळीचा वेग टिपायचा, गोळी कुठल्या भागात पडेल ते कानात सुरांतून कळायचं. हिशेब बरोबर होता, कानापर्यंत गेलेल्या बारीक तारा मात्र तुटत राहिल्या. नेवाडाने 1985 मध्ये अशा उपकरणांवर कायद्याने बंदी घातली. चाकंही सुधारली: घरं उथळ झाली, गोळी जास्त उड्या मारू लागली.

आपल्याकडे गोव्याने 1990 च्या दशकात जुगाराचा कायदा बदलला. किनाऱ्यावरच्या पंचतारांकित हॉटेलांत यंत्रं आणि पाण्यातल्या जहाजांवर खरी टेबलं, अशी विभागणी झाली. म्हणून तर सांगलीकराला मांडवीत यावं लागतं. महाराष्ट्राने 1976 मध्ये कॅसिनोंसाठी कायदा करून ठेवला, तो कधीच अमलात आणला नाही आणि 2023 मध्ये रद्द केला. पण चाक आलंच. नाशिककडे ‘बिंगो रोलेट’ या नावाने ते मोबाइलवर फिरतं आणि त्याच्या बातम्या गुन्हे वृत्ताच्या पानावर येतात. बोटीवर निदान लाकूड, गोळी आणि घरं डोळ्यांना दिसतात, हिरवी घरं किती ते मोजता येतं. मोबाइलवर दिसतं ते चाकाचं चित्र.

मोनॅकोच्या नागरिकाला माँटे कार्लोच्या कॅसिनोत खेळायला आजही मनाई आहे. गोवा सरकारने गोंयकारांसाठी हीच बंदी 1 फेब्रुवारी 2020 पासून लागू केली.